तणनाशक पिकाला ओळखत नाही

मृगाच्या-आर्द्राच्या पावसावर बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या घाटावरच्या तालुक्यांत सोयाबीन उगवून येतं आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच्या बरोबरीनं केना, कुंजरू, दुधी, शिपीही वर येतात. निंदणाला माणसं मिळत नाहीत, वाफसा नसल्यानं डवरा चालत नाही. मग कास्तकार कृषी केंद्रातून १० टक्के इमॅझेथापायरची बाटली आणतो आणि एकरी ४०० मिली या हिशेबानं फवारतो. एकाच नोझलमधून पडणारे थेंब सोयाबीनच्या पानावर बसतात आणि शेजारच्या कुंजरूवरही. दोन-तीन आठवड्यांनी कुंजरू वाळलेला असतो, सोयाबीन मात्र उभं असतं.

असं का होतं, हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ते औषध सोयाबीनचंच आहे, त्यामुळे सोयाबीनला काही करत नाही. हे उत्तर अपुरं आहे आणि वावरात नुकसान करणारंही आहे. इमॅझेथापायर सोयाबीनच्या पानातही शिरतं, रसाबरोबर शेंड्यापर्यंत जातं आणि ज्या विकरावर तणात घाव घालतं त्याच विकरावर सोयाबीनमध्येही घालतं. फरक एवढाच, की सोयाबीन ते औषध वेगानं मोडून टाकतं आणि तणाला ते तितक्या वेगानं जमत नाही. पीक वाचतं ते औषधाच्या ओळखीनं नव्हे, स्वतःच्या कामानं. ते काम पायरी-पायरीनं समजून घेतलं, तर डब्यावरच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागचं कारण उलगडतं.

पानावरून आत

पानाच्या वर मेणाचा पातळ थर असतो. पाणी आत-बाहेर जाऊ नये यासाठीच तो असतो, म्हणून पाण्यात मिसळलेल्या औषधाला पहिला अडथळा त्याचाच. थेंब मेणावर गोळा होऊन घरंगळू नये, पसरावा, यासाठी चिकटद्रव्य किंवा पसरणारं द्रव्य लागतं. काही औषधांची रचनाच मेणातून जाण्यासाठी बदललेली असते. क्विझालोफॉप-इथाइल आणि क्लोरिम्युरॉन-इथाइल या नावांतला ‘इथाइल’ हा तो भाग. त्यामुळे रेणू मेणात सहज विरघळतो. आत गेल्यावर पानातली विकरं हा भाग तोडू शकतात. क्विझालोफॉपच्या बाबतीत तो तुटल्यावर जे आम्ल उरतं तेच खरं काम करतं. क्लोरिम्युरॉनच्या बाबतीत उलट: तो तुटणं हा औषध निकामी होण्याचा एक मार्ग आहे.

कोवळ्या, दोन ते चार पानांच्या तणावर हा थर विरळ असतो. पावसात खंड पडला, ऊन तापलं, की तण तो जाड करतं. वीस दिवसांच्या उघडिपीनंतर फवारलेलं औषध ‘लागलं नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा अनेकदा बाटलीत दोष नसतो. थेंब मेणावरच वाळून गेलेले असतात आणि आत फार थोडं पोहोचलेलं असतं.

मुळांची वाट वेगळी आहे. ॲट्राझिनसारखं औषध जमिनीतल्या ओलीबरोबर मुळांत शिरतं आणि पान जसजसं बाष्प बाहेर टाकतं तसतसं जलवाहिन्यांतून वर चढतं. म्हणूनच पेरणीनंतर लगेच मारायच्या अशा औषधाला जमिनीत ओल हवी. कोरड्या ढेकळांवर ते नुसतं पडून राहतं.

आत गेल्यावर कुठे

आत शिरलेलं प्रत्येक औषध सारखं फिरत नाही. पॅराक्वाट जिथे पडलं तिथलीच पेशी जाळतं, त्यामुळे हराळी वरून करपते आणि खालच्या गाठींतून पुन्हा फुटते. ग्लायफोसेट आणि इमॅझेथापायर रसवाहिन्यांत जातात. पानात तयार झालेली साखर जिकडे जाते तिकडे, म्हणजे वाढत्या शेंड्याकडे, मुळांकडे, लव्हाळ्याच्या गाठींकडे ती पोहोचतात.

इमॅझेथापायर रसवाहिनीत टिकून राहतं त्याचं कारण आहे. पेशींच्या बाहेरचा रस किंचित आंबट असतो आणि रसवाहिनीतला रस किंचित अल्कधर्मी. इमॅझेथापायर हे सौम्य आम्ल. बाहेरच्या आंबट रसात त्याच्या बऱ्याच रेणूंवर विद्युतभार नसतो, म्हणून ते पेशीच्या पडद्यातून आत जातात. आत आल्यावर त्यांच्यावर भार येतो आणि मग परत बाहेर पडणं त्यांना अवघड होतं. अशा रीतीनं औषध आत साठत जातं, पण ही वाहतूक झाड जोमात असेल तरच चालते. सुकलेल्या तणाचा रस मंदावलेला असतो, मग शेंड्यापर्यंत औषधही पोहोचत नाही.

घाव कशावर

इमॅझेथापायर आणि क्लोरिम्युरॉन दोन्ही एकाच विकरावर बसतात. ॲसिटोलॅक्टेट सिंथेज हे त्याचं नाव. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं झाड याच विकराच्या मदतीनं तयार करतं. ती नसली तर नवी प्रथिनं नाहीत आणि प्रथिनं नसली तर नवी पेशी नाही. म्हणून फवारणीनंतर तणाची वाढ काही तासांतच थांबते, पण तण मरायला दोन-तीन आठवडे लागतात. जुनी पानं हिरवी दिसत राहतात आणि शेंडा आतून उपाशी मरतो.

इथे हौदाचं गणित उपयोगी पडतं. एका नळानं हौदात पाणी येतं, दुसऱ्या तोटीनं जातं. पातळी दोन्हींच्या वेगावर ठरते. पानातून येणारं औषध हा नळ आणि झाडाची मोडतोड ही तोटी. विकराजवळची पातळी एका मर्यादेवर जाऊन तिथेच राहिली तर झाड मरतं. तणाची तोटी बारीक असते, सोयाबीनची मोठी. बाटलीवरची मात्रा ठरवताना ही दोन्ही गणितं धरलेली असतात: तणात पातळी चढली पाहिजे आणि पिकात ती उतरली पाहिजे.

मोडतोडीचे तीन टप्पे

जनावराच्या शरीरात शिरलेलं नको असलेलं द्रव्य यकृतात बदलतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. झाडाला बाहेर टाकायची अशी सोय नाही. त्याला ते बदलून स्वतःतच बाजूला ठेवावं लागतं.

पहिल्या टप्प्यात रेणूवर छोटा बदल होतो. सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचं मोठं कुटुंब हे काम करतं. बहुतेक वेळा रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजन जोडला जातो. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायरच्या इथाइल टोकावर असाच ऑक्सिजन बसतो आणि औषधाची धार बरीच कमी होते. दुसऱ्या टप्प्यात त्या जागी साखरेचा किंवा ग्लुटाथायोनचा रेणू जोडला जातो. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा, गंधक असलेला छोटा रेणू आहे. सोयाबीनसारख्या काही शेंगवर्गीय पिकांत त्याच्या जागी त्याचा जवळचा भाऊबंद, होमोग्लुटाथायोन असतो. ही जोड लागली की औषध विकराच्या खाचेत बसत नाही. तिसऱ्या टप्प्यात हा जोडलेला रेणू पेशीतल्या रिक्तिकेत ढकलला जातो किंवा पेशीभित्तिकेत अडकवला जातो. तिथून तो परत कामावर येत नाही.

हे तिन्ही टप्पे तणातही असतात. पण कुठली विकरं आहेत, किती आहेत आणि त्या विशिष्ट रेणूला किती घट्ट धरतात, यावर वेग ठरतो.

तास आणि दिवस

या वेगाचं सर्वात स्पष्ट उदाहरण क्लोरिम्युरॉनचं आहे. २५ टक्के भुकटी एकरी सुमारे १५ ग्रॅम मारतात, म्हणजे एकरभर वावरात खरं औषध पावणेचार ग्रॅम. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सोयाबीनच्या रोपांत यातलं निम्मं औषध १ ते ३ तासांत मोडतं, तर गोखरूच्या आणि माठाच्या जातीच्या संवेदनशील तणांत निम्मं मोडायला ३० तासांहून जास्त लागतात. दोन्हीकडचं विकर मात्र औषधाला सारखंच बळी पडणारं होतं.

आता हिशेब करून पाहा. सोयाबीनमध्ये दर २ तासांनी निम्मं होतं असं धरलं, तर २४ तासांत बारा वेळा निम्मं होऊन सुमारे चार हजारावा भाग उरतो. तणात दर ३० तासांनी निम्मं होत असेल, तर तेवढ्याच वेळात अर्ध्याहून जास्त औषध तसंच शिल्लक राहतं. पीक आणि तण यांच्यातलं सगळं अंतर या एका दिवसात पडतं. सोयाबीन फवारणीनंतर चार-पाच दिवस पिवळसर दिसतं, कांडी आखूड राहते आणि लोक म्हणतात ‘शॉक बसला’. पातळी उतरेपर्यंत विकर थोडा वेळ बंद पडल्याची ती खूण आहे.

मका, ज्वारी आणि ॲट्राझिन

मोताळा, देऊळगावराजा भागात मका वाढला तसं ॲट्राझिनही घरोघरी पोहोचलं. हे औषध हरितलवकातल्या डी-१ प्रथिनाला चिकटतं आणि प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडतं. मक्याकडे त्यावर तीन उपाय आहेत. त्याच्या मुळांत बेंझॉक्साझिनोन गटातली नैसर्गिक द्रव्यं असतात; ती ॲट्राझिनमधला क्लोरीन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतात. पानात ग्लुटाथायोन जोडणारी विकरं असतात. शिवाय रेणूच्या बाजूच्या साखळ्या हळूहळू तोडणारी तिसरी वाटही असते. ज्वारीची भिस्त मुख्यतः ग्लुटाथायोनवर आणि साखळ्या तोडण्यावर असते. सोयाबीनकडे यातली कुठलीच वाट पुरेशा वेगाची नाही. म्हणून मका-सोयाबीनच्या आंतरपिकात ॲट्राझिन चालत नाही.

मक्यावर अलीकडे टेम्बोट्रायोनही वापरतात. त्यानं तण पांढरं फटक पडतं. या औषधाच्या बाटलीत बहुधा ‘सेफनर’ नावाचं आणखी एक द्रव्य असतं. ते तणाला काही करत नाही. मक्यातली मोडतोड करणारी विकरं वाढवतं. गोड मक्याच्या काही वाणांत यातलं एक महत्त्वाचं पी-४५० विकर निकामी असतं, आणि अशा वाणांना मक्यावर चालणाऱ्या काही औषधांचीच इजा होते. नाव मक्याचं असलं म्हणून प्रत्येक मक्यात तीच यंत्रणा असेल असं नाही.

पऱ्हाटी आणि २,४-डी

घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पऱ्हाटीचा मुलूख. इथे पावसाळ्यात एक दृश्य वारंवार दिसतं: पऱ्हाटीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटं फुटल्यासारखी, शिरा जवळ आलेल्या. अनेकदा तो रोग समजून बुरशीनाशक फवारलं जातं. कारण असतं २,४-डी.

हे औषध झाडाच्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. गहू, मका यांसारखी गवतवर्गीय पिकं त्याच्या कड्यावर ऑक्सिजन बसवून साखर जोडतात. ती जोड सहसा परत सुटत नाही. रुंद पानांची झाडं बरेचदा त्याला अमिनो आम्ल किंवा साखर अशा रीतीनं जोडतात की ती पुन्हा सुटू शकते आणि औषध परत मोकळं होतं. पऱ्हाटी तर याबाबतीत अतिशय नाजूक. शेजारच्या बांधावर किंवा उसात मारलेल्या औषधाची वाफ, वाऱ्यानं आलेले बारीक थेंब किंवा न धुतलेल्या पंपातला अंश एवढंही तिला पुरतं. त्यामुळे २,४-डीचा पंप वेगळा ठेवावा, ही सूचना सोयीची नाही, गरजेची आहे.

मोडतोडीशिवाय वाचणं

प्रत्येक सहनशक्तीमागे मोडतोड असतेच असं नाही. क्विझालोफॉप गवतातल्या चरबी तयार करणाऱ्या ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेज या विकराला बांधतं. शिपीचा पोंगा ओढला की अलगद हातात येतो, तो या घावामुळे. सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या हरितलवकातलं हे विकर वेगळ्या घडणीचं आहे, अनेक तुकड्यांचं. त्यावर औषध बसतच नाही. लव्हाळा गवतासारखा दिसला तरी गवताच्या कुळातला नाही, म्हणून तोही यातून सुटतो.

पेंडिमेथॅलिनमध्ये बचाव जागेचा असतो. ते मातीच्या वरच्या थरात घट्ट धरून राहतं आणि तिथून उगवणाऱ्या तणाच्या पेशींचं विभाजन थांबवतं. त्याखाली योग्य खोलीवर पडलेलं बी बरंचसं वाचतं. बी वरवर पडलं तर पिकालाही तोच फटका बसतो.

विदर्भात वाद झाला तो ग्लायफोसेट सहन करणाऱ्या पऱ्हाटीचा. ग्लायफोसेट ज्या विकराला बांधतं त्याचं जिवाणूतलं, औषधाला न जुमानणारं रूप या पऱ्हाटीत घातलेलं असतं. ती औषध मोडत नाही. औषध तिच्यात फिरत राहतं, फक्त घाव बसत नाही. देशात अशा पऱ्हाटीच्या लागवडीला मंजुरी नाही. परवानगीसाठी अर्ज करणाऱ्या कंपनीनं तो २०१६ मध्ये मागे घेतला. तरी बियाणं पसरलं आणि जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेनं ते जाहीरपणे पेरून आंदोलन केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचं बंधन घातलं. अमेरिकेत याच्या उलट वाटेनंही पीक बनवलं आहे: जिवाणूंतला जनुक घालून २,४-डी मोडणारी पऱ्हाटी. एकात लक्ष्य बदललं, दुसऱ्यात तोटी मोठी केली. साध्या पऱ्हाटीत यातलं काहीच नाही. म्हणून खात्री नसलेल्या बियाण्याच्या भरवशावर सरसकट ग्लायफोसेट मारणं म्हणजे अख्खं पीक पणाला लावणं.

हरभऱ्यात तेच औषध का नको

सोयाबीन निघालं की याच वावरात हरभरा येतो. दोन्ही शेंगवर्गीय, तूर-मूग-उडदावरही इमॅझेथापायर चालतं, मग हरभऱ्यावर का नको, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर वावरात दिसतं: शेंडा थांबतो, पानं पिवळी आणि बारीक होतात, फुलोरा लांबतो. एकाच कुळातल्या झाडांतही मोडतोडीचा वेग सारखा नसतो. हरभऱ्याच्या वाणा-वाणांत सहनशक्तीचा फरक आढळतो आणि भारतीय संशोधक त्यातून सहनशील वाण शोधत आहेत. असा वाण हाती येईपर्यंत हरभऱ्यात पेरणीनंतर लगेच पेंडिमेथॅलिन आणि पुढे निंदण-डवरणी, हाच भरवशाचा मार्ग.

तोटी केव्हा बारीक होते

मोडतोड हे जिवंत झाडाचं काम आहे. त्याला ऊब, ओल, हवा आणि ऊर्जा लागते. सलग पावसानं काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, सोयाबीन आधीच पिवळं पडतं आणि विकरांचा वेग उतरतो. नेमकी अशा वेळी फवारणी झाली तर नेहमीचीच मात्रा जड जाते. चार दिवस थांबून, पीक सावरल्यावर फवारलं तर तेच औषध सहज पचतं.

दुसरं कारण मिश्रण. सल्फोनिलयुरिया गटातलं तणनाशक आणि ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक एकत्र किंवा पाठोपाठ मारलं, तर काही पिकांत इजा होते. कीटकनाशक पी-४५० विकरांना अडवतं आणि पिकाची मोडतोड मंदावते. मजुरी वाचवायला एकाच पंपात तीन औषधं घालताना हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरं कारण मात्रा. विकरांच्या कामाला मर्यादा असते. धुऱ्याजवळ पंप वळवताना एकाच तासावर दोनदा फवारा पडतो आणि तिथलंच सोयाबीन जास्त पिवळं दिसतं, ते यामुळेच.

तणातही ही ताकद येते

पंजाब-हरियाणातल्या गव्हात १९९० च्या दशकात एक मोठा धडा मिळाला. तिथल्या मंडूसी या तणावर आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षं मारलं गेलं. गहू ते पी-४५० विकरांनी मोडतो, म्हणून वाचतो. तणाच्या लाखो झाडांत थोडी अशी होती की त्यांनाही तेच जमत होतं. बाकीची मेली, ही उरली, त्यांचं बी पडलं, आणि काही वर्षांत औषधाचा उपयोग संपला. मोडतोड करून वाचणारं तण जास्त चिंतेचं असतं, कारण तीच विकरं कधीकधी दुसऱ्या, कधीही न मारलेल्या औषधालाही मोडतात. आपल्या सोयाबीनमध्ये दरवर्षी एकाच विकरावर घाव घालणारी औषधं मारली, तर तीच निवड आपणही करत असतो. गट बदलणं, उगवणीपूर्वीचं औषध घेणं आणि एक तरी डवरणी राखणं हे म्हणूनच आवश्यक आहे. फवाऱ्यातून वाचलेलं तण डवऱ्याखाली मात्र मरतं.

जमिनीत उरलेलं

झाडात न शिरलेलं औषध मातीत राहतं. तिथे मोडतोड जिवाणू करतात, तसंच पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनंही होते. ॲट्राझिन आणि क्लोरिम्युरॉन आंबट मातीत पाण्याशी लवकर तुटतात. आपल्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत ही क्रिया मंद असते, त्यामुळे भार जिवाणूंवर येतो आणि जिवाणूंना ओल हवी. पाऊस लवकर उघडला त्या वर्षी अवशेष जास्त काळ राहतात. अशा वावरात मोहरी, कांदा किंवा भाजीपाला घ्यायचा असेल, तर तिथली माती दोन कुंड्यांत भरावी, त्याच पिकाचं बी टाकावं आणि औषध न पडलेल्या मातीतल्या रोपांशी ताडून पाहावं. पंधरवड्यात उत्तर मिळतं, खर्च काहीच नाही.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि बुलढाणा व जळगाव जामोद इथली कृषी विज्ञान केंद्रं पिकानुसार शिफारशी देतात. त्या पाळताना मागचं कारण माहीत असलं की वावरात ऐनवेळी निर्णय घेता येतो. फवारणीआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत: माझं पीक हे औषध मोडून वाचतं, की घाव बसतच नाही म्हणून? आज माझं पीक ते मोडण्याइतकं निरोगी आहे का? तण अजून दोन-चार पानांचं आहे का? आणि मागच्या वर्षी याच गटाचं औषध मारलं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पंप त्या दिवशी भरू नये. बाटलीवरची मात्रा जोमदार पिकासाठी लिहिलेली असते. आजारी पिकाला ती लागू पडत नाही.